पाहुणा तुपाशी, यजमान उपाशी: व्हर्च्युअलबॉक्स सहा महिने वापरल्यावर

फलटणला आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची आमंत्रणं, दशक्रियेची कार्डं हे बारमाही काम, आणि वर्षातून दोन-तीनदा तालुक्यातल्या काही शाळांच्या प्रश्नपत्रिका. कामाचा कॉम्प्युटर एकच. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज १० होम. त्यावर कोरल ड्रॉ, मराठी फॉन्टांची श्रीलिपी आणि सासऱ्यांच्या काळातल्या पेजमेकरच्या हजारभर फायली. गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सअ‍ॅपवर, फोटो पाठवतं मेलवर, प्रूफ मागतं पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणजे नेट दिवसभर लागतं. आणि त्याच कॉम्प्युटरला नेट अजिबात नको, असं म्हणायची वेळ गेल्या सहामाहीला माझ्यावर आली.

मुलगा माझा नववीत. रात्री जेवताना म्हणाला, "आई, ‘नववी सहामाही गणित १ फायनल’ ही फाइल माझ्या टॅबवर कशी काय दिसतेय?" घास हातातच राहिला. विंडोज नव्यानं टाकलं तेव्हा मी घरच्याच खात्यानं लॉगिन केलं होतं, आणि एक क्लाउड सेवा तेव्हापासून डेस्कटॉपवरचं सगळं गुपचूप उचलून वर नेत होती. आमचा ऑपरेटर सगळं डेस्कटॉपवरच सेव्ह करतो, फोल्डर ही गोष्टच त्याला मान्य नाही. पोरानं फाइल उघडली नव्हती. गणिताची फाइल तो आपणहून उघडणार नाही, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे. तरी मुख्याध्यापकांना रात्रीच फोन केला. शाळेकडे दुसरा संच तयार होता म्हणून निभावलं. तो आम्ही रात्रभर बसून फुकट सेट करून दिला. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी ज्या मशिनवर पेपर होतो त्यावर नेट नसेल तरच काम."

दुसरा कॉम्प्युटर घ्यावा हे मलाही सुचलं. जुना दहा-बारा हजारांत मिळतो. पण गाळ्यात कटिंग मशीन, लेझर प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन आणि कागदाची रिमं मांडून जी जागा उरते तिथं मी बसते. शिवाय दोन मशिनांमध्ये फायली न्यायच्या म्हणजे पेनड्राइव्ह, आणि पेनड्राइव्ह म्हणजे शॉर्टकट व्हायरस, हे डीटीपीवाल्याला सांगायला नको. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा फोनवर म्हणाला, "मामी, बाहेरच्या विंडोजला नेट देऊच नकोस. आत एक खोटा कॉम्प्युटर बसव, नेट फक्त त्याला दे." त्यासाठी त्यानं जे सॉफ्टवेअर सांगितलं ते व्हर्च्युअलबॉक्स. सहा महिने रोज वापरलं, म्हणून हे लिहायला बसले. एकाच कामापुरतं बोलणार आहे: आतल्याला नेट, बाहेरच्याला नाही.

इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीनं हे बनवलं आणि २००७मध्ये त्याचा कोड खुला केला. २००८मध्ये ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सनं घेतली, आणि २०१०मध्ये सनलाच ओरॅकलनं घेतलं. मालक बदलले तरी मूळ पॅकेज फुकट आणि खुलंच राहिलं, दुकानात वापरायलाही हरकत नाही. गफलत होते ती ‘एक्स्टेन्शन पॅक’पाशी. तोही त्याच पानावर फुकट मिळतो, पण त्याचा परवाना वैयक्तिक वापर, शिक्षण आणि चाचणीपुरता आहे. धंद्याच्या जागी तो टाकायचा नाही. पूर्वी यूएसबी २ आणि ३साठी पॅक लागायचा, २०२२च्या ७.० आवृत्तीपासून ते मूळ पॅकेजमध्येच आलंय. माझं पॅकवाचून एकदाही अडलेलं नाही.

बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरला यात ‘होस्ट’ म्हणतात, आतल्या खोट्याला ‘गेस्ट’. आमच्या दुकानात यजमान आणि पाहुणा हेच शब्द पडलेत. ऑपरेटर गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, "थांबा, पाहुण्यात आलाय तुमचा फोटो, यजमानात घेतो." गिऱ्हाईक चक्रावतं, पण थांबतं.

पाहुणा म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ३ जीबी रॅम, दोन कोअर, ४० जीबी जागा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हीटी-एक्स ही प्रोसेसरची खोटा कॉम्प्युटर चालवायची सोय चालू करावी लागते, ते भाच्यानं व्हिडिओ कॉलवर करून घेतलं. मग पाहुणा सुरू झाला तो रडतरखडत. खिडकीच्या खालच्या पट्टीत एक हिरवं कासव बसलेलं होतं. मला वाटलं शोभेचं आहे. ते शोभेचं नव्हतं: विंडोजचं स्वतःचं हायपरव्हायझर, म्हणजे खोटे कॉम्प्युटर चालवणारा भाग, आधीच चालू असलं की व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखाली काम करावं लागतं, आणि वेग जातो, त्याची ती खूण. माझ्याकडे ते ‘मेमरी इंटेग्रिटी’ या सुरक्षेच्या सोयीमुळे चालू होतं. ती बंद केली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, कासव गेलं. सुरक्षेची एक सोय बंद केली हे खरं, पण यजमानाला नेटच मिळणार नसेल तर एवढं चालेल असं मी ठरवलं. तुम्ही तुमचं ठरवा.

आता खरं काम.

व्हर्च्युअलबॉक्स नवा पाहुणा बनवतं तेव्हा त्याचं नेट ‘नॅट’ या प्रकारात ठेवतं. काहीही न करता नेट चालू होतं, म्हणून लोक तिथंच थांबतात. आमच्या कामाला मात्र तो प्रकार उलटा पडतो. नॅटमध्ये पाहुण्याला १०.०.२.१५ असा घरगुती पत्ता मिळतो आणि त्याची प्रत्येक मागणी व्हर्च्युअलबॉक्सचा प्रोग्रॅम यजमानाच्या वतीनं बाहेर नेतो. म्हणजे पाहुणा जेवतो तो यजमानाच्याच ताटात. मी पहिल्या दिवशी उत्साहानं विंडोजमध्ये नेटवर्क कार्डावर उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ केलं. यजमान उपाशी, पाहुणाही उपाशी. चूल विझवल्यावर दोघांचंही तेच होणार.

मग फायरवॉल. विंडोजच्या फायरवॉलला सांगता येतं की बाहेर जाणारं सगळं अडव, आणि फक्त व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रोग्रॅमला सोड. कागदावर बरं दिसतं. करायला गेले तर बाहेर जाण्याच्या नियमांच्या यादीत आधीपासूनच मुभा दिलेल्या ओळींची रांग: गेमचं अ‍ॅप, फीडबॅकचं अ‍ॅप, कशाकशाचं काय. ‘सगळं अडव’ म्हटलं तरी त्या ओळींना मुभा राहतेच. एकेक शोधून बंद करावी लागते. आणि ज्या सॉफ्टवेअरला तुम्ही अ‍ॅडमिनचा अधिकार देऊन इन्स्टॉल करता ते स्वतःची ओळ स्वतःच घालून घेऊ शकतं. वॉचमन ठेवायचा आणि रजिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्याच हातात द्यायचं, त्यातला प्रकार. नुसत्या फायरवॉलवर माझा जीव रमला नाही.

जे चाललं ते ‘ब्रिज्ड अ‍ॅडॉप्टर’. यात व्हर्च्युअलबॉक्स आपला एक छोटा ड्रायव्हर यजमानाच्या नेटवर्क कार्डावर बसवतं, आणि तो विंडोजच्या आयपीच्या (नेटवर्कवरचा पत्ता सांभाळणाऱ्या भागाच्या) थराखाली बसतो. पाहुण्याची पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, कार्डावरून थेट केबलमध्ये जातात, विंडोजच्या नेटवर्कला आणि फायरवॉलला विचारतही नाहीत. राउटरला पाहुणा हा वेगळाच कॉम्प्युटर वाटतो आणि तो त्याला वेगळा पत्ता देतो. मग यजमानाचा पत्ताच काढून घेतला तर? कार्ड चालू, केबल चालू, फक्त विंडोजला आयपी नाही. कोणी आयपीशिवाय इंटरनेट वापरून दाखवावं.

करायचं ते असं. कीबोर्डवर विंडोजची कळ आणि आर, मग ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ (ncpa.cpl) टाइप करून एंटर. नेटवर्क कार्डांची खिडकी उघडते. ‘इथरनेट’वर उजवी कळ, ‘प्रॉपर्टीज’. समोर टिकमार्कांची एक यादी येते: क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, क्यूओएस वगैरे. त्यात एक ओळ ‘व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस ६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर’ अशी असते. तेवढी एक टिक ठेवायची आणि बाकी सगळ्या काढायच्या. ओके. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुण्याच्या सेटिंगमध्ये नेटवर्कला ‘ब्रिज्ड अ‍ॅडॉप्टर’ आणि खाली तेच कार्ड. नव्या आवृत्त्यांमध्ये ‘बेसिक’ आणि ‘एक्सपर्ट’ असे दोन प्रकार केलेत, आणि बेसिकमध्ये बरंच काही लपवतात. मी सरळ एक्सपर्ट करून टाकलं. नाव मोठं आहे, घाबरायचं कारण नाही.

‘बाकी सगळ्या’ हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत, कारण मी तसं केलं नव्हतं. मी काढली फक्त ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ची, म्हणजे आयपीच्या जुन्या प्रकाराची टिक. भाच्याला फोटो पाठवला, तोही घाईत ‘मस्त’ म्हणाला. तीन दिवस मी खुशीत. चौथ्या दिवशी दुपारी ऑपरेटर म्हणाला, "ताई, आज चौतीस डिगरी दाखवतंय, काल बत्तीस होतं." खाली टास्कबारच्या कोपऱ्यात विंडोजचं हवामान असतं ना, ते रोज इमानदारीत बदलत होतं. उपाशी यजमानाला बाहेर ऊन किती हे कुठून कळतंय? यादीत खाली ‘व्हर्जन ६’ची टिक तशीच होती. आमच्या कनेक्शनवर आयपीव्ही६चाही, म्हणजे नव्या प्रकारचाही, पत्ता येतो, यजमान त्या दारानं ये-जा करत होता. ती टिक काढली. हवामान त्या दिवशीच्या चौतीसवर थिजलं, ते आठवडाभर चौतीसच. शेवटी ते बंदच करून टाकलं, पण माझ्या लेखी त्याच्याइतकं खरं परीक्षण कुठल्या सॉफ्टवेअरनं केलं नसतं.

रीतसर तपासणी करायची तर यजमानात काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून ८.८.८.८ या नेटवरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. ‘जनरल फेल्युअर’ असं चार वेळा आलं की समाधान मानायचं. ‘टाइम्ड आउट’ आलं तर समाधान मानू नका, त्याचा अर्थ पाकीट निघालंय, उत्तर आलं नाही. पाहुण्यात तोच पिंग सुरळीत चालला पाहिजे. आणि राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. पूर्वी तिथं आमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरचं नाव दिसायचं. आता त्या केबलवर एकच उपकरण दिसतं आणि त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) ०८:००:२७नं सुरू होतो. ही व्हर्च्युअलबॉक्सच्या पाहुण्याची खूण.

हे सगळं केबलवर. वायफायवर मी हा खटाटोप करणार नाही. वायफाय कार्डावर व्हर्च्युअलबॉक्सला पाहुण्याची पाकिटं यजमानाच्याच मॅक पत्त्यावर खपवावी लागतात, साधा ब्रिज तिथं होत नाही. राउटरपासून टेबलापर्यंत केबल ओढा आणि मोकळे व्हा. आमची कटिंग मशिनच्या मागून गेलीय, उंदरांनी अजून तरी हात लावलेला नाही.

नेट तोडलं, आता फायलींचं काय? इथं व्हर्च्युअलबॉक्स मला सगळ्यात जास्त आवडलं. पाहुण्यात ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’ (यजमान-पाहुण्यातली देवाणघेवाण जमवणारं जोड-सॉफ्टवेअर) टाकल्या की यजमानाचे फोल्डर पाहुण्याला दाखवता येतात. मी दोन केले: ‘आवक’ आणि ‘जावक’. सासऱ्यांनी आयुष्यभर नगरपालिकेच्या आवक-जावक रजिस्टरांची छपाई केली, नावं शोधावी लागली नाहीत. गिऱ्हाइकाकडून आलेलं पाहुणा ‘आवक’मध्ये टाकतो, ऑपरेटर तिथून यजमानात उचलतो. ‘जावक’ पाहुण्यासाठी फक्त वाचण्यापुरता ठेवलाय. यजमानातून पत्रिकेचं प्रूफ त्यात टाकलं की पाहुणा ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, बदलू किंवा पुसू शकत नाही. क्लिपबोर्डलाही दिशा देता येते. चार पर्याय असतात: बंद, यजमानाकडून पाहुण्याकडे, पाहुण्याकडून यजमानाकडे, दोन्हीकडून. मी तिसरा ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पाहुण्यात कॉपी होऊन यजमानात पेस्ट होतो, पण यजमानातला गणिताचा प्रश्न पाहुण्यात पेस्ट होत नाही. ड्रॅग-ड्रॉपलाही तेच. हा मजकूर युनिकोडमध्ये येतो आणि तो श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात वळवायला लागतो ते वेगळं. त्यातले रफार कुठं जाऊन बसतात यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

‘आवक’ हे भिंतीतलं भोक आहे हेही सांगते. नेटवरून पाहुण्याला लागलेली कीड त्या फोल्डरमधून यजमानात येऊ शकते, आणि यजमानाचा अँटिव्हायरस तर अपडेटविना शिळा झालेला. म्हणून पाहुण्यातच क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसनं फायली चाळून घेतो, आणि झिपमध्ये आलेली ईएक्सई फाइल यजमानात न्यायचीच नाही असा नियम. पाहुण्याचा एक स्वच्छ ‘स्नॅपशॉट’ काढून ठेवलाय. काही विचित्र वाटलं की पाहुणा त्या दिवसावर मागं नेते. आतापर्यंत दोनदा नेला. पाच मिनिटांचं काम, फक्त व्हॉट्सअ‍ॅपचा क्यूआर पुन्हा स्कॅन करावा लागतो.

बाकी त्रास सांगते, कारण नेट तोडल्यावर जे बंद पडतं ते आधी कोणी सांगत नाही.

प्रिंटर वायफायवर किंवा लॅनवर असेल तर यजमानातून प्रिंट निघणार नाही. आमचा यूएसबीवर आहे म्हणून वाचले.

घड्याळ. यजमानाला नेटवरून वेळ मिळणं बंद होतं, आणि गेस्ट अ‍ॅडिशन्समुळे पाहुणा आपली वेळ यजमानाकडून घेतो. एका सकाळी पाहुण्यातली एकूण एक वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडेना. मेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, आणि दारात तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन उभा. मी राउटर बंद-चालू केला, ब्रिज पुन्हा लावला, भाच्याला शिव्या घातल्या. शेवटी कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: २०१४. मदरबोर्डवरचा सेल संपला होता, रात्री वीज गेल्यावर बायोस आपल्या जन्मवर्षाला जाऊन बसला होता, पाहुण्यानं तीच तारीख मुकाट घेतली, आणि २०१४ सालात आजची प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नव्हती. घड्याळवाल्याकडून सीआर २०३२चा सेल आणून बसवला. पूर्वी यजमान नेटवर असताना सकाळी आपोआप तारीख सुधारायची, म्हणून तो सेल किती दिवस मेलेला होता कोण जाणे.

आणि मोबाइल. नोव्हेंबरात एकदा यजमानात अचानक अपडेटची सूचना आली. ऑपरेटरनं फोन चार्जिंगला म्हणून सीपीयूला लावला होता आणि त्याच्या फोनवर यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलनं कॉम्प्युटरला देण्याची सोय) चालू होतं. टेदरिंगचा फोन म्हणजे विंडोजच्या दृष्टीनं एक नवं नेटवर्क कार्ड, आणि नव्या कार्डावर सगळ्या टिका जशाच्या तशा असतात. मी टिका काढल्या होत्या त्या फक्त जुन्या कार्डावरच्या. म्हणून आता फायरवॉलही लावलीय, दुसरं कुलूप म्हणून. ब्रिजच्या पाहुण्याला यजमानाच्या फायरवॉलचा जाच नसल्यामुळे यजमानात बिनधास्त सगळं अडवता येतं, मुभेच्या ओळी एकेक करून बंद केल्या, एक रविवार गेला. शिवाय ऑपरेटरचं खातं ‘स्टँडर्ड’ केलं; कार्डाच्या टिका हलवायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडे. चार्जरला वेगळा बोर्ड दिला.

तोच टेदरिंगचा प्रकार चांगल्या कामालाही येतो. ब्रॉडबँड पडलं की मी माझा फोन यूएसबीनं लावते आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमधून तो सरळ पाहुण्याच्या ताब्यात देते. यजमानाला तो दिसतही नाही. एक खाच आहे: टेदरिंग चालू केलं की फोन आपला प्रॉडक्ट क्रमांक बदलतो, त्यामुळे फिल्टरमध्ये फक्त कंपनीचा क्रमांक ठेवून प्रॉडक्टची जागा रिकामी सोडायची. नाहीतर फोन पाहुण्याच्या हातून निसटून पुन्हा यजमानाकडे जातो. आणि फिल्टर काम करतो तो पाहुणा चालू असतानाच, हेही लक्षात ठेवायचं.

वेगाबद्दल तक्रार नाही. पाहुण्यात नेट कनेक्शनच्या वेगानंच चालतं. ओढाताण होते ती रॅमची. कोरलमध्ये दहा बाय वीसचा फ्लेक्स उघडला आणि पाहुण्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब चालू असेल तर ८ जीबी कमी पडते. अशा वेळी पाहुण्याला ‘सेव्ह स्टेट’ करून झोपवते. वीज गेली आणि यूपीएस ओरडायला लागला की तेच. माउस कधी पाहुण्यात अडकून पडतो, तेव्हा उजवीकडची कंट्रोल कळ दाबायची; ऑपरेटरनं त्या कळेवर लाल टिकली चिकटवलीय.

पर्यायांची थोडक्यात कथा. तुमचं विंडोज ‘प्रो’ असेल तर आधी विंडोजचंच हायपर-व्ही बघा. त्यात बाहेरचा स्विच बनवताना ‘मॅनेजमेंट ऑपरेटिंग सिस्टिमला हे कार्ड वाटून घेऊ द्या’ अशा अर्थाची एक टिक असते. ती काढली की हेच काम एका टिकेत होतं. होम आवृत्तीत हायपर-व्ही मिळत नाही, आणि यूएसबीचा फोन पाहुण्याला देणं त्यात सरळ जमत नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४पासून धंद्यालाही फुकट झालंय. तिथंही कार्डाच्या यादीत ‘व्हीएमवेअर ब्रिज प्रोटोकॉल’ची टिक ठेवून बाकी काढायच्या, युक्ती तीच. फक्त डाउनलोडला त्याच्या मालक कंपनीचं, ब्रॉडकॉमचं, खातं उघडावं लागतं. भाच्याच्या लॅपटॉपवर मी ते पाहिलं, चित्र जास्त गुळगुळीत वाटलं.

विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आमचं मशीन ११च्या अटीत बसत नाही. अशी मशिनं गावोगावच्या प्रेसमध्ये, फोटो स्टुडिओत पडून आहेत आणि त्यांच्यावर धंदा चालू आहे. त्यांच्यासाठी ही सोय मला पाचपैकी चार गुणांची वाटते. एक गुण कापला तो एवढ्यासाठी की ‘यजमानाला नेट नको’ असं एक साधं बटण व्हर्च्युअलबॉक्समध्ये नाही. ते सगळं विंडोजच्या पोटात जाऊन आपलं आपण करायचं, आणि एक टिक राहिली तरी कोणी बोलत नाही.

प्रथम सत्राचा तो प्रकार होऊन गेल्यावर घटक चाचणीचं काम घेऊन मुख्याध्यापक स्वतः आले. मी हौसेनं दाखवलं. यजमानात ब्राउझर उघडला, नेट नाही. पिंग केला, जनरल फेल्युअर चार वेळा. सर मान डोलावत होते. तेवढ्यात शेजारच्या खिडकीत पाहुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टुंग वाजलं आणि कोणाच्यातरी बारशाचा फोटो पडद्यावर उमटला.

"हे काय मग?" सर म्हणाले.

मी पाहुणा, यजमान, ब्रिज, आवक, जावक, सगळं सांगितलं. टिकांची यादी उघडून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"वहिनी, तुम्ही म्हणता ते असेलही. पण स्क्रीन एकच आहे ना?"

तेव्हापासून प्रश्नपत्रिकेचं काम असलं की पाहुणा बंद करते, सीपीयूच्या मागची केबल काढते आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवते. सर आले की आधी खिळ्याकडे बघतात, मग खुर्चीत बसतात.